दोन अक्षरांचा दगड

एका राज्यात पाणी नव्हते. नदी नव्हती, विहीर नव्हती, आणि जो काय पाऊस पडे तो खडकावरून घरंगळून शेजारच्या राज्यात निघून जाई. राज्यात होते ते धुके. रोज पहाटे ते दरीतून वर चढे आणि उतारावर राहणारे धुकेकरी ते धरीत. शेळीच्या केसांची जाळी ताणायची, धुक्याला गाण्याने बोलवायचे, जाळी भिजली की पिळायची आणि भरल्या घागरी वर नगरात न्यायच्या. नगराच्या मधोमध चौक, चौकात मोठा हौद. त्या हौदाचे पाणी राजा पिई, राजाचा हत्ती पिई, पंडित संध्येला तेच पाणी हातावर घेई. ते आणले कोणी, हे मात्र घोट घशाखाली उतरताच सगळे विसरत.

या नगराची एक रीत होती. तिथे बोललेली कोणतीही गोष्ट हुंकाराशिवाय पुरी होत नसे. लग्न ठरले की चोपदार चौकात येऊन सांगे, लोक 'हूं' म्हणत, तेव्हा ते लग्न ठरे. राजाने हुकूम काढला तरी चौकाने 'हूं' म्हणेपर्यंत तो हवेतच तरंगे. पहिला हुंकार द्यायचा मान हौदाच्या राखणदाराचा होता. त्याने ओठ मिटून 'हूं' केले की मागून सारा चौक. लोकांना याची इतकी सवय जडली होती, की झोपेत एकाने काही बरळले तरी दुसरा कूस बदलता बदलता हूं म्हणून टाकी.

आणि त्या नगरात एक शब्द होता. दोन अक्षरांचा, फक्त धुकेकऱ्यांसाठी राखून ठेवलेला. तो मी सांगणार नाही, विचारू नका. घागर हिंदकळली, वाट अडली, किंवा नुसता धुकेकरी नजरेला पडला, की कोणीही तो शब्द फेकी. तो लागला की धुकेकऱ्याचे अंग दगड होई. आधी पायाची बोटे, मग पाऊल, मग पोटऱ्या, असे वर वर. पुरते दगड झालेले धुकेकरी उतारावर जागोजाग उभे होते. वाटसरू त्यांच्या सावलीत बसून भाकरी खात आणि कोणी रस्ता विचारला तर सांगत, "तिसऱ्या बाईपासून डावीकडे वळा."

धुकेकऱ्यांत दोघी बहिणी होत्या. थोरली सारजा, धाकटी धुरपा. आईबाप नव्हते, सारजेनेच धुरपेला वाढवले होते. सारजेच्या गळ्यात असे काही होते, की ती गाऊ लागली म्हणजे दरीच्या तळाचे आळसट धुकेही उठून येई. धुरपेला गाता येत नसे. तिच्याने एका जागी बसवतही नसे. जाळी ताणावी, गाठी माराव्यात, उताराच्या चार खेपा कराव्यात, यातच तिचा दिवस जाई. डाव्या पायाची तीन बोटे दगडाची होती, म्हणून ती चालली की पायऱ्यांवर टक टक वाजे.

एके सकाळी सारजा हौदात घागर रिती करत होती. चार थेंब उडाले आणि अत्तरविक्या केवडोजीच्या रेशमी जोड्यावर पडले. केवडोजीने जोड्याकडे पाहिले, सारजेकडे पाहिले, आणि सुगंधी तोंडाने तो शब्द फेकला. चौकात पन्नास माणसे होती. क्षणभर गेला आणि सारजा कमरेपर्यंत दगड झाली. गुडघे नाहीत, चालणे नाही. हौदाच्या कडेला ती जशी होती तशीच रोवली गेली.

धुरपा धावत आली. तिने बहिणीचा हात धरला.

"अक्का, दुखतंय का?"

"दुखत नाही. थंड लागतं," सारजा म्हणाली. "रडू नकोस. घागर उचल, नाहीतर पाय लागून फुटायची."

हौदाचा राखणदार माणकोजी जवळच होता. पांढऱ्याशुभ्र मिशांचा, साऱ्या नगरात भला म्हणून नावाजलेला म्हातारा. धुकेकऱ्यांना पाण्याबरोबर गुळाचा खडा देणारा तोच एकटा. त्याने स्वतःची छत्री आणून सारजेच्या डोक्यावर बांधली. "पोरी, काय हे दिवस," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

धुरपा तशीच राजवाड्यात गेली.

त्या राज्याचा राजा शूरकेतू. त्याला रात्री झोप नव्हती आणि दिवसा बैठक नव्हती. सिंहासन होते, पण तो त्याभोवती फेऱ्या घाली. सारजेचे गाणे थांबले तर धुके येणार नाही, धुके आले नाही तर हौद भरणार नाही, एवढे त्याला धुरपेने सांगण्याआधीच कळले होते. त्याच्या फेऱ्या वाढल्या.

"महाराज, हा शब्द थांबवा," धुरपा म्हणाली.

राजपंडित वाचोनिधी उठले. शेला सावरून म्हणाले, "शब्द म्हणजे काय? कंठातून निघालेला वारा. वाऱ्याने कोणी दगड होत नसते. दोष कानांचा आहे. या लोकांनी कान घट्ट करावेत."

सेनापती म्हणाला, "मी जिभा छाटतो. हुकूम द्या."

राजा फिरता फिरता थांबला. "सगळ्या नगराच्या जिभा छाटल्या तर हुंकार कोण देईल? आणि ऐक, मुली. येत्या पौर्णिमेला जलपूजा आहे. चोपदार एकेका मंडळीला हाक मारील. माळी या, विणकर या, तांबट या. शेवटी तुम्हाला हाक मारील, ती त्याच शब्दाने. वाडवडिलांपासून पुकारा तसाच आहे. बदलला तर चौक हुंकार देणार नाही, आणि हुंकाराशिवाय हौदाची पाणी सोडायची मोरी उघडत नाही. नगर तहानेने मरेल."

"दर वर्षी आम्ही उतारावर कान झाकून बसतो. पण माझी बहीण हौदाशी उभी आहे. भर चौकाचा पुकारा तिला पुरता दगड करील."

"म्हणून पौर्णिमेच्या आत या शब्दाची शक्ती कुठे आहे ते शोधून काढ आणि मोडून ये," राजा म्हणाला. "असे म्हणतात, की माझ्या वडिलांच्या वेळी ओखटनाथ जादूगाराने ती घातली. तो दरीच्या तळाशी राहतो, धुके जिथे उपजते तिथे."

धुरपा निघाली.

दरीत उतरायच्या वाटेवर एक वन होते. तिथल्या झाडांना एका जागी राहवत नसे. मुळे उपटून ती सारखी इकडून तिकडे जात, म्हणून त्या वनात पाऊलवाट टिकत नसे. धुरपा एका चालत्या उंबराच्या फांदीला धरून पुढे सरकत होती, तोच फांदीवरच्या साळुंकीने मान वाकडी केली आणि तोच शब्द तिला म्हटला. स्वच्छ, ठसठशीत, अगदी केवडोजीच्या आवाजात.

धुरपेने डोळे गच्च मिटले. थंडी चढायची वाट पाहिली. मग हळूच पायाकडे पाहिले. बोटे जेवढी दगडाची होती तेवढीच होती.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

साळुंकी पुन्हा म्हणाली. दहा वेळा म्हणाली, शीळ घालून म्हणाली, गिरकी घेऊन म्हणाली. काही झाले नाही.

"तू मला दगड का करत नाहीस?"

"मी ऐकलेले बोलते," साळुंकी म्हणाली. "पुढचे मला ठाऊक नाही."

धुरपेला राहवले नाही. खाली धुक्याच्या थेंबांचा वीतभर ओढा होता, तो पुढे लगेच खडकात जिरे. पाण्यात तिचे तोंड दिसत होते. त्या तोंडाला तिने तोच शब्द म्हणून पाहिला. आणि लगेच थंडी चढली. डाव्या पायाचे चौथे बोट दगड झाले. ती घाबरून मागे सरली. पाखरू दहा वेळा बोलले तर काही नाही, आणि आपण एकदा बोललो तर बोट गेले! तिला कसलाच मेळ लागेना. साळुंकी तेवढ्यात उडून गेली.

दरीच्या तळाशी गुहा होती. गुहेच्या तोंडातून धुके बाहेर पडत होते आणि आत ओखटनाथ बसला होता. त्याची दाढी जमिनीत रुजली होती. तिला पाने फुटली होती. त्याने धुरपेचा पाय पाहिला आणि तोंड फिरवले.

"तू त्या शब्दात शक्ती घातलीस. काढून घे," धुरपा म्हणाली.

"मी काही घातले नाही," ओखटनाथ म्हणाला. "ऐक. म्हाताऱ्या राजाच्या दरबारात वाद पेटला होता. धुकेकरी म्हणत, हा शब्द आम्हाला लागतो. दरबार म्हणे, कुठे लागतो? रक्त दाखवा, वळ दाखवा. राजा मला म्हणाला, खरे काय ते दाखव. मी मंत्र घातला तो एवढाच, की जे आत होते ते बाहेर दिसावे. दगड तेव्हाही होत होता, मुली. काळजात होई, म्हणून दिसत नसे. मला वाटले, एकदा डोळ्यांनी पाहिले की लोक शरमतील आणि बोलणे सोडतील."

"आणि?"

"पाहिले. बोलतच राहिले. मी इथे येऊन बसलो."

धुरपेला त्याचा राग आला आणि कीवही आली. राग जास्त आला. "तुझ्या बसण्याने काय होणार? दगड येतो कुठून ते सांग."

"ते मला ठाऊक असते तर दाढी रुजली असती का? तीन ठिकाणी शोधता येईल. तीन कामे करावी लागतील. करशील?"

"सांग."

"हा तांब्याचा गडू घे. याच्या तोंडाशी जो शब्द बोलला जाईल तो साऱ्या जिभांवरून पुसला जाऊन यात बंद होईल. शब्दात शक्ती असेल तर बंद केल्यावर संपेल. जा."

धुरपा वर आली. केवडोजीच्या दुकानामागे तो एकटाच अत्तर गाळत होता. तिने गडू पुढे धरला आणि म्हणाली, "शेटजी, मला काय म्हणतात हो तुमच्यात?" केवडोजीने आनंदाने सांगितले. तिने झाकण लावले. नगराच्या जिभेवरून शब्द गेला. लोक तोंड उघडत, अडखळत, आणि खाकरून गप्प बसत. चौकात दिवसभर शांतता होती. सारजा छत्रीखाली उभी राहून हसली, म्हणाली, "धुरपे, नाकाला खाज सुटलीये, दोन्ही हातांत घागर आहे. खाजव बघू." धुरपेने नाक खाजवले. दोघींना वाटले, सुटलो.

संध्याकाळी एक सावकारीण पाण्याला आली. तिने सारजेला पाहिले आणि काही न बोलता नुसता पदर सावरून नाकाला लावला. बाकीच्या बायकांनी ते पाहिले. आणि दगड सारजेच्या छातीपर्यंत चढला. तिचा श्वास आखूड झाला.

धुरपा गडू घेऊन दरीत धावली. "शब्द या गडूत आहे आणि दगड तरीही वाढला. पदरानेच काम झाले!"

"मग शक्ती शब्दात नाही," ओखटनाथ म्हणाला. "बोलणाऱ्याच्या जिभेत असेल. दुसरे काम. गडू उघड आणि शब्द तुझ्याच माणसांना दे. त्यांनी तो एकमेकांना म्हणावा, लाडाने म्हणावा. जीभ बदलली की शक्ती जाईल."

धुरपेने उतारावर जाऊन गडू उघडला. धुकेकऱ्यांनी आधी कानांवर हात ठेवले. मग एका तरण्याने धीर करून आपल्या मित्राला त्या शब्दाने हाक मारली. मित्र हसला. काही झाले नाही. मग काय विचारता! जाळी ताणताना, भाकरी भाजताना, नवरा बायकोला, आजी नातीला, सगळे तोच शब्द. पहिल्यांदाच तो त्यांच्या तोंडात ऊबदार लागला. धुरपाही हसली. एका म्हाताऱ्याला मात्र हसू येईना. तो उतारावरच्या एका दगडी बाईशी जाऊन बसला. ती त्याची आई होती.

गडू उघडला तसा शब्द नगरालाही परत मिळाला. तरण्यांचे हसणे केवडोजीने ऐकले. चौकात येऊन तोही तसाच हसत, त्याच लाडक्या सुरात, सारजेला तो शब्द म्हणाला. "आता काय, तुम्ही स्वतःच म्हणता की!" पन्नास माणसे उभी होती. दगड सारजेच्या खांद्यांपर्यंत गेला. हात गेले. आता तिला नाक खाजवायला सांगणेही जड जात होते.

धुरपा तिच्यापाशी उभी राहिली. तिला उभे राहवेना आणि जाववेना. "अक्का, मी जे करते त्याने तूच दगड होतेस."

"तू केलं नाहीस तरी होईनच की," सारजा म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "जा. पण लवकर ये."

तिसऱ्यांदा ती दरीत उतरली तेव्हा ओखटनाथाची दाढी आणखी खोल गेली होती.

"शब्दात नाही, जिभेत नाही," धुरपा ओरडली. "आमच्यात तो गोड होता, चौकात तोच विखारी झाला! आता कुठे शोधू?"

जादूगाराने विचारले, "आजवर त्या शब्दाच्या वेळी तू कुठे पाहत आलीस?"

"बोलणाऱ्याच्या तोंडाकडे. कुठे पाहणार?"

"मीही तिथेच पाहिले, राजाने तिथेच, पंडिताने तिथेच. तिसरे काम. शब्द येईल तेव्हा बोलणाऱ्याकडे पाठ करून उभी राहा, आणि काय दिसते ते बघ."

"पाठ करून काय दिसणार?"

"मी कधी पाहिले नाही. म्हणून तर सांगतो."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भर दुपारी धुरपा घागर घेऊन चौकात आली. बहिणीला लागू नये म्हणून ती हौदापासून दूर, केवडोजीच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. तिने घागर वाकडी केली. केवडोजीच्या दोन्ही जोड्यांत पाणी भरले. त्याने तोंड उघडले. धुरपेने त्याच्याकडे पाठ केली आणि चौकाकडे तोंड केले.

मागून शब्द आला. पुढे पन्नास चेहरे होते. कोणी भाजी निवडत होते, कोणी जांभई देत होते, कोणाला तिच्याबद्दल वाईटही वाटत होते. ते डोळ्यांत दिसत होते. आणि प्रत्येकाचे ओठ मिटलेले होते, आणि मिटल्या ओठांतून, नकळत, नेहमीसारखा आवाज आला. हूं. इतका हलका, की तिने जन्मभर तो ऐकला होता आणि कधीच ऐकला नव्हता. तिने पाहिले, पहिला आवाज कुठून आला. हौदाच्या कडेहून. पांढऱ्या मिशा जराशा हलल्या. माणकोजी तेव्हा सारजेच्या छत्रीची दोरी घट्ट बांधत होता.

थंडी चढली. धुरपेचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दगड झाला. तिला त्याचे काही वाटले नाही, एवढे तिला दुसरेच लागले होते. ओढ्याकाठचे चौथे बोट आठवले. तेव्हा चौक नव्हता, कोणी नव्हते. तिच्या आतूनच कोणीतरी हूं म्हटले होते. जन्मभर ऐकून ऐकून ते तिच्यातही मुरले होते. आणि उतारावर हाक मारली तेव्हा कोणी हूं म्हणाले नव्हते, सगळे हसले होते. सावकारिणीचा पदरही शेजारच्या बायकांच्या हुंकारानेच पुरा झाला होता. साळुंकीला तर हुंकार देणारे वनात होतेच कोण?

पाय ओढत ती हौदाशी गेली.

"आजोबा, तुम्ही तो शब्द कधी बोललात?"

माणकोजीने कान धरले. "जीभ झडो माझी. कधी नाही, पोरी. साऱ्या नगराला विचार."

"मग आत्ता हूं का म्हणालात?"

"मी? मी कुठे म्हणालो?"

"केवडोजी बोलला आणि तुम्ही हूं म्हणालात. मग बाकीचे म्हणाले. मग माझा पाय गेला. अक्काच्या वेळीही तुम्ही इथेच होता."

म्हाताऱ्याच्या हातातून दोरी सुटली. "अगं, ती सवय आहे. कोणी बोलले की हूं म्हणायचे. त्याला काही अर्थ असतो थोडाच?"

"अर्थ नसेल तर उद्या म्हणू नका."

माणकोजी सारजेकडे पाहू लागला, मग मोरीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. "उद्या मी हूं दिले नाही तर मोरी उघडणार नाही. सात पिढ्यांचा मान आहे हा. लोक मला उतारावर हाकलतील."

"उतारावर आम्ही राहतो, आजोबा," धुरपा म्हणाली.

माणकोजी खाली पडलेली दोरी गोळा करू लागला. सारजा सगळे ऐकत होती. तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती समोर पाहत म्हणाली, "तुमचा गूळ फार गोड असायचा हो." म्हातारा तिथून उठून गेला. त्या संध्याकाळी हौदाशी कोणीच राखणदार नव्हता.

पौर्णिमा उजाडली. नगर चौकात लोटले. हौदात वीतभर पाणी उरले होते. राजा शूरकेतू फेऱ्या घालत होता, राजपंडित मंत्र म्हणत होते, सेनापती तलवारीची मूठ उगाच चाळवत होता. माणकोजी आपल्या जागी येऊन बसला. त्याने कोणाकडे पाहिले नाही. धुरपा बहिणीच्या दगडी खांद्याला टेकून उभी होती.

चोपदाराने काठी आपटली. "माळी या हो!" हूं, म्हणाला माणकोजी. हूं, म्हणाला चौक. माळी पुढे आले. "विणकर या हो!" हूं. "तांबट या हो!" हूं. एकेक करून सारे नगर आपापल्या जागी लागले. मग चोपदाराने घसा साफ केला आणि वाडवडिलांच्या चालीवर तो शब्द पुकारला.

माणकोजीचे ओठ मिटलेले होते. ते मिटलेलेच राहिले.

चौक वाट पाहू लागला. पहिले हूं आले नाही तर दुसरे द्यायचे कसे, हे कोणाला ठाऊकच नव्हते. लोक चुळबुळले. एकमेकांच्या पाठींआडून हौदाकडे डोकावू लागले. राजा पहिल्यांदाच जागच्या जागी थांबला.

चोपदार घाबरला. त्याने पुन्हा पुकारले. तेव्हा केवडोजी मागून मोठ्याने म्हणाला, "हूं!" एकटाच म्हणाला, पण म्हणाला. दगड सरसर सारजेच्या गळ्यावर चढला, हनुवटीला लागला. तिचे ओठ उघडे होते, आवाज येत नव्हता. आणखी दहाबारा जणांचे ओठ सवयीने मिटू लागले. धुरपेने माणकोजीकडे पाहिले. तिने हात जोडले नाहीत, काही नाही, नुसते पाहिले.

चोपदाराने तिसऱ्यांदा पुकारले.

माणकोजी उठून उभा राहिला. "अंहं," तो म्हणाला.

त्या चौकात हा आवाज आजवर कोणी काढला नव्हता. एक तान्हे मूल रडायचे थांबले.

"अंहं," माणकोजी पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्याने. "चोपदार, माणसांना हाक मार. हे मी ऐकून घेणार नाही."

"अंहं," धुरपा म्हणाली. ती हे चौकाला म्हणाली आणि ओढ्याच्या पाण्यात दिसलेल्या स्वतःच्या तोंडालाही म्हणाली. मग कुठूनशी ती सावकारीण म्हणाली, खाली मान घालून, पण म्हणाली. मग एक तांबट, मग विणकरांची रांग, मग इकडून, मग तिकडून. केवडोजीने आणखी एकदा हूं करून पाहिले. ते त्याच्याच अत्तराच्या वासात विरून गेले.

शब्दाला बसायला जागा उरली नाही. तो चौकात या टोकाहून त्या टोकाला घिरट्या घालत राहिला, कोणाच्या कानात शिरेना, आणि शेवटी जिथून निघाला होता तिथेच परतला. चोपदाराला ठसका लागला. त्याने तोंडातून काहीतरी काढून तळहातावर घेतले. बोराच्या आठळीएवढा एक खडा होता. मातकट, कोरडा.

राजाने वाकून पाहिले. "एवढाच?" तो म्हणाला. "एवढाच होता?"

"वारा, महाराज," राजपंडित घाईने म्हणाले. "मी प्रथमच निवेदन केले होते, की शब्द म्हणजे केवळ वारा."

कोणी हूं म्हणाले नाही. पंडित इकडेतिकडे पाहून खाली बसले.

"आता यांना हाक काय मारू?" चोपदाराने विचारले. त्याला खरेच ठाऊक नव्हते. रोज पाणी पिऊन ठाऊक नव्हते.

उत्तर सारजेने दिले. हनुवटीचा दगड तडकून खाली पडला होता आणि तिचा आवाज मोकळा झाला होता. "धुकेकरी," ती म्हणाली. "आणि जरा लवकर मारा, माझ्या नाकाला पौर्णिमेपर्यंत धीर निघाला हेच पुष्कळ."

"धुकेकरी या हो!" चोपदाराने पुकारले.

माणकोजी रडत होता. रडता रडता तो म्हणाला, "हूं." आणि सारा चौक म्हणाला, हूं, असा की मोरीचा अडसर आपोआप निघाला. सारजेच्या खांद्यांवरून, छातीवरून, कमरेवरून दगडाच्या ढलप्या गळून पडल्या. तिने आधी नाक खाजवले. मग धाकटीला कवेत घेतले. मग तिथेच उभी राहून गाऊ लागली, आणि भर दुपारी दरीतून धुके उठून उतार चढू लागले.

उतारावर उभी असलेली माणसे एकेक करून हलली. हुंकार सुटला तसा दगडही सुटला होता. कोणाला दोन वर्षे झाली होती, कोणी म्हाताऱ्या राजाच्या काळापासून उभे होते. ती खाली बसली, पोटऱ्या चोळू लागली. त्या म्हाताऱ्याची आई आपल्या मुलापेक्षा तरुण होती, तिने त्याच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि विचारले, "बाळा, तुला इतका उशीर का झाला?" तो तिच्या पोटऱ्या चोळू लागला. नगरातूनही कोणी पुढे होऊन उत्तर दिले नाही. ते देणे अजून बाकी आहे, असे मी मानतो.

केवडोजी त्याच नगरात राहिला आणि अत्तरही विकत राहिला. तो शब्द त्याने मधूनमधून म्हणून पाहिला, त्याच्यासारखे आणखीही काही होते. पण म्हटल्यावर शेजारून कोणीतरी 'अंहं' म्हणे आणि खडा त्याच्याच दाताखाली येई. राजा शूरकेतू त्या रात्रीपासून झोपू लागला. माणकोजी हौदाशीच राहिला. गुळाचा खडा तो अजूनही देतो, पण आता कोणी बोलू लागले की तो आधी नीट ऐकतो आणि मगच ओठ हलवतो. त्यामुळे त्या नगरातली कामे जरा सावकाश होतात.

धुरपेचा पाय मोकळा झाला. बोटेही सुटली, एक सोडून. ओढ्याकाठी स्वतःच्या तोंडाने दगड केलेले ते चौथे बोट काही सुटले नाही. ओखटनाथ दाढी उपटून वर आला होता, तो म्हणाला, "आणखी एक मंत्र घालू?" ती म्हणाली, "राहू दे. ते माझे मी बघेन." रोज पहाटे ती घागर घेऊन पायऱ्या चढते आणि टक टक वाजते. वाटेवरच्या घरांत माणसे बोलता बोलता थांबतात, आपण कशाला हूं म्हणालो ते आठवून पाहतात.

तो शब्द कोणता, हे मला पुष्कळांनी विचारले. दोन अक्षरे आहेत, सांगायला किती वेळ लागतो? पण तुम्ही इतका वेळ माझी गोष्ट ऐकत आहात, आणि मधून मधून हूं म्हणत आहात. सवयीने म्हणत आहात, मला ठाऊक आहे. म्हणून तो शब्द मी माझ्यापाशीच ठेवला. गोष्ट तुम्हाला दिली, आणि शेवटचा हुंकार तुमच्याकडून मागितला नाही.